यूकेजीवरचे गफूर सर

परवा आमच्या शेजारची सून अंगणात आपल्या तीन वर्षांच्या पोराची तयारी करून घेत होती. लातूरच्या कुठल्याशा शाळेत नर्सरीसाठी मुलाखत होती. मुलाखत, आणि तीही त्या पोराची! ती विचारत होती, "व्हॉट इज युवर मदर्स नेम?" पोरगं पायातली चप्पल डोक्यावर तोलून बघण्यात गुंग. तिनं पुन्हा विचारलं. शेवटी ते वैतागून म्हणालं, "मम्मी!" आणि पाठीत धपाटा बसला. मी इकडे तांदूळ निवडता निवडता थांबले. आता ह्यात पोराचं चुकलं काय? तीन वर्षांच्या लेकराच्या आईचं नाव मम्मी नसेल तर दुसरं काय असणार? आणि एकदम मला गफूर सर आठवले. ते इथं असते तर कंपाउंडवरून वाकून ओरडले असते, "वैनी, पॉइंट लेकराचा!"

गफूर सर आमच्या अहमदपूरच्या शाळेत यूकेजीला शिकवायचे. मी शेजारच्या वर्गात पहिलीवर होते. मधली भिंत विटांची आणि जाड होती, तरी त्यांचा वर्ग मला रोज शब्दन् शब्द ऐकू यायचा, कारण सरांना हळू बोलता येत नसे. त्यांनी कानात सांगितलेलं गुपित तिसरीच्या वर्गापर्यंत पोचायचं.

उंची सहा फूट. खांदे दाराला घासतील असे. मिशी अशी, की नवा पोस्टमन पाकीट देण्याआधी नमस्कार करायचा. घराणं पिंजाऱ्यांचं, एसटी स्टँडच्या मागं भावांचं गाद्यांचं दुकान होतं. ह्यांनी मात्र गादी सोडून मैदान धरलं. कबड्डीत तालुक्याला नाव काढलं, मग गुडघा गेला, मग बी.पी.एड. केलं आणि आमच्याकडे पीटीचे सर म्हणून लागले. त्या वर्षी यूकेजीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि बदलीला कुणी मिळेना. आमच्या मुख्याध्यापिका, त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो, सरांना म्हणाल्या, "गफूर सर, पंधरा दिवस सांभाळा फक्त." ते पंधरा दिवस कधी संपलेच नाहीत. रजा संपवून बाई परत आल्या तेव्हा मुलांनी त्यांना दारातच अडवलं. बाई बिचाऱ्या हसल्या आणि एलकेजीवर गेल्या.

पहिल्या दिवशीची गोष्ट तर अशी की अजून आठवली तरी हसू आवरत नाही. मिशी दारात दिसताच अख्ख्या वर्गानं भोकाड पसरलं. सर हसले, तर मुलं आणखी जोरात रडली. सरांनी गाणं म्हटलं, तर दोघं खिडकीवर चढली. थोड्या वेळानं एकदम सगळं शांत. मोठ्या बाई घाबरून धावल्या, मागून मी. बघतो तर सर फरशीवर उताणे, डोळे मिटलेले, हात पसरलेले. आणि छातीवर, पोटावर, मांडीवर मुलं बसलेली! एक मुलगी त्यांची मिशी ओढून बघत होती खरी आहे का. मोठ्या बाईंना वाटलं, चक्कर आली. त्या "पाणी आणा!" म्हणून ओरडल्या तेव्हा सर झोपल्या झोपल्याच म्हणाले, "बाई, काई झालं न्हाई. मी हुबा राहिलो की लेकरांना पाण्याची टाकी अंगावर आल्यासारखं वाटून राहिलं. म्हनून म्हनलं, आपनच आडवं व्हावं."

भांडायला त्यांना भारी आवडायचं. पण भांडण म्हणजे त्यांच्या लेखी सामना. समोरच्यानं बिनतोड काही म्हटलं की लगेच बोट वर करून, "पॉइंट तुमचा!" आणि खरंच मान्य करायचे, कुरकुर नाही. स्वतःचं पटलं की, "पॉइंट माजा!" मोठ्या बाईंशी बोलतानासुद्धा हेच. एकदा तर शाळा तपासायला आलेल्या साहेबांना त्यांनी पॉइंट दिला. साहेबांना कळेना, ही स्तुती आहे की टिंगल.

एबीसीडी ते कबड्डीच्या दमात म्हणायला लावायचे. रेघेपासून सुटायचं आणि एका श्वासात झेडपर्यंत पोचून परत यायचं. बहुतेक जण एलएमएनच्या आसपास गार पडायचे. पण काय ती धमाल! माझ्या वर्गातली मुलं वह्या सोडून कान भिंतीला लावून बसायची. शेवटी मीही शिकवायचं थांबून, आज कुणाचा दम कुठं सुटतोय ते ऐकायची.

लिहायला मात्र ते घाई करत नसत. "आदी बोट, मंग पेन्सिल," असं त्यांचं म्हणणं. "ताई, चार-पाच वर्साच्या लेकराच्या हाताची हाडं कच्ची हाईत अजून. आमच्या खेळात कच्च्या गुडघ्याला मैदानात उतरवत न्हाईत. ह्यांच्या बोटांना कामून उतरवून राहिले?" म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. भावांच्या दुकानातून पोतंभर कापूस आणला, सरकीसकट. मुलांनी गोल बसायचं आणि चिमटीनं सरकी वेगळी करायची. बोटं कशी चालायची! वर्गभर कापूस उडायचा आणि मुलं पांढऱ्या केसांची होऊन घरी जायची.

आठच दिवसांत एक पालक दारात येऊन उभे राहिले. माधवराव त्यांचं नाव. जवळच्या खेड्यातले, घरची शेती. रोज पोरीला मोटरसायकलच्या टाकीवर बसवून आणायचे. त्या पोरीला मी श्रेया म्हणते. खरं नाव वेगळं आहे आणि ते सांगणार नाही. माधवराव आवाज न चढवता म्हणाले, "सर, माजी माय कापूस येचता येचता म्हातारी झाली. बायकोची बोटं बोंडानं फाटल्याली हाईत, येऊन बगा. कापसापसून लांब जावं म्हनून म्या पोरीला हितं घातलं. अन् तुमी तिच्या हातात कापूसच देऊन राहिले?"

माझ्या मनात आलं, आता हे बोटांची हाडं, चिमटी वगैरे समजावून सांगतील. त्यांनी ते काही केलं नाही. डोक्यावरचा कापूस झाडला, बोट वर केलं आणि म्हणाले, "पॉइंट तुमचा, माधवराव. लई मोठा पॉइंट." दुसऱ्या दिवशी कापूस गेला आणि त्याच्या जागी कणीक आली. मुलं कणकेचे साप करू लागली, कोंबड्या करू लागली. माधवरावांशी त्यांची दोस्ती जमली ती तेव्हापासून. हरभऱ्याच्या दिवसांत मोटरसायकलला डहाळ्यांची जुडी बांधून यायची आणि आम्ही सगळे स्टाफरूममध्ये तोंड हिरवं होईपर्यंत सोले खायचो.

श्रेया वर्गात सगळ्यात लहान. चवळीच्या शेंगेएवढी, पण तोंड म्हणजे रेडिओ. रोज आल्या आल्या गावाचं बुलेटिन. "सर, आमच्या म्हशीला रेडकू झालं. सर, आज्यानं आजीला न इचारता बिडी वढली. सर, सरपंचाची गाडी नाल्यात गेली, लई मज्जा आली!" सर तिच्यापुढं उकिडवे बसून म्हणायचे, "मंग? मंग फुडं?" बुलेटिन झाल्याशिवाय हजेरी होत नसे.

त्या वर्षी दिवाळीनंतर संस्थेच्या अध्यक्षांनी पालकसभा घेतली. अध्यक्षांना सगळे आण्णा म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण लातूरच्या क्लासेसची जादू त्यांच्या डोळ्यांवर होती. टेबलावर मूठ आपटत ते म्हणाले, "लातूरची पोरं डॉक्टर होतात ती काय उगाच? पाया! पाया लहानपणीच घातला पाहिजे!" मग त्यांनी जाहीर केलं: यूकेजी संपताना लेखी परीक्षा होईल. वरचे निम्मे पहिलीच्या अ तुकडीत जातील. त्यांना खास शिक्षक, खास पुस्तकं, आत्तापासूनच फाउंडेशन. उरलेले ब तुकडीत. आणि एकदा ठरलेली तुकडी सातवीपर्यंत बदलणार नाही.

टाळ्या पडल्या! पाच वर्षांच्या मुलांची वाटणी होतेय आणि टाळ्या. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, पण इथं नवऱ्याला अजून गुडघेसुद्धा नीट फुटले नव्हते. महिन्याच्या आत गावात यूकेजीच्या शिकवण्या सुरू झाल्या. शाळा सुटली की मुलं एका दारातून दुसऱ्या दारात.

शिक्षकांच्या मीटिंगमध्ये सर उठले. "आण्णा, पाया म्हनता. वल्या भिंतीवर स्लॅब टाकता का कुनी?"

आण्णा म्हणाले, "गफूर, मला हौस आहे का? पालकांनाच पाहिजे. मी नाही केलं तर ते पोरं उचलून लातूरला नेतील. मग तुझा पगार कुठून द्यायचा?"

सर खाली बसले. पॉइंट कुणालाच मिळाला नाही.

माधवरावांनीही श्रेयाला शिकवणी लावली. सरांनी त्यांना गेटवर गाठून विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मला समजतंय सर, लेकरू लहान हाय. पर अ मधी गेली तर जिंदगी बनंल. ब मधी पडली तर लोक काय म्हनतील? शेतकऱ्याचंच लेकरू, तिथंच जानार." त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं.

आणि मग एके दिवशी श्रेयाचं बुलेटिन आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सर समोर बसून म्हणायचे, "काय गं, आज्यानं बिडी सोडली का?" ती मान हलवायची फक्त. पेन्सिल एवढी दाबून धरायची की कागद फाटायचा, आणि फाटला की सगळं खोडून पुन्हा पहिल्यापासून. घरी बोलत होती म्हणे, पण शाळेच्या गेटातून आत आली की ओठ शिवल्यासारखे. सर माझ्या दारात येऊन म्हणाले, आणि त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच हळू ऐकला, "ताई, माजी पोरगी मुकी झाली हो." त्यांना स्वतःच्या तीन मुली होत्या, ही चौथी कधी झाली ते त्यांनाच कळलं नसावं.

आता ह्या माणसाला गप्प बसवणार कोण? वार्षिक क्रीडादिन परीक्षेच्या दोन दिवस आधी, शनिवारी होता. सरांनी ठरवलं, सगळ्या गावाला मैदानातच दाखवून द्यायचं. मोंढ्यातल्या, म्हणजे धान्याच्या बाजारातल्या, आडतीवरून जाडजूड दोर आणला आणि यूकेजीची रस्सीखेच जाहीर केली. मुलांच्या दोन बाजू पाडल्या. का ते कुणाला सांगितलं नाही. मला तेवढं सांगितलं, आणि सांगताना लहान मुलासारखे उड्या मारत होते. एका बाजूला शाळेच्या वर्षाच्या पहिल्या अर्ध्यात, जून ते नोव्हेंबरात जन्मलेली, म्हणजे मोठी मुलं. दुसऱ्या बाजूला उशिरा जन्मलेली, त्यात सगळ्यात पुढं श्रेया. वर्ग एकच, पण ह्या टोकाच्या आणि त्या टोकाच्या मुलात जवळजवळ वर्षाचं अंतर. पाच वर्षांच्या आयुष्यात एक वर्ष म्हणजे केवढं!

शिट्टी झाली आणि लहान मुलं पोटावर घसरत थेट रेघेपलीकडं गेली. पुन्हा शिट्टी, पुन्हा तेच. पालकांत कुजबुज, मग आरडाओरडा. "ओ सर, जोडी बराबर लावा!" "ही बेमानी हाय!" "त्या बाजूला सगळी दांडगी पोरं दिलीत की!" सरांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. हेच, अगदी हेच त्यांना हवं होतं! ते माइककडं धावले. आता ते बोलणार, आणि गावाला कळणार.

पण तेवढ्यात माधवरावांना राहवलं नाही. त्यांनी मैदानाकडेची दोरी ओलांडली, पायजमा खोचला आणि श्रेयाच्या मागं जाऊन दोर धरला. ते बघून दुसरा बाप उतरला. मग आया उतरल्या, पदर कमरेला खोचून. समोरच्या पालकांनी काय बांगड्या भरल्या होत्या? तेही उतरले. बघता बघता मुलं बाजूला आणि अहमदपूरची निम्मी वस्ती दोराला! "वढा! वढा! हाव, आजून!" सर माइकवरून ओरडतायत, "खाली ठिवा दोर! फाउल! समदे फाउल!" ऐकतंय कोण? आणि मग काडकन आवाज झाला. आडतीवरचा दोर तुटला. दोन्ही बाजू धाडदिशी पाठीवर, धुळीचा लोट, एका मावशीची चप्पल थेट प्रमुख पाहुण्यांच्या पुढ्यात. लोक हसून हसून लोळले. आण्णांनी सरांच्या हातातला माइक घेतला आणि डोळे पुसत म्हणाले, "वा! पालकांचा सहभाग असा पाहिजे! सोमवारच्या परीक्षेलाही असाच जोर लावा!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सगळे गेल्यावर सर तुटक्या दोराचं वेटोळं मांडीवर घेऊन बसले होते. शिपाई खुर्च्या एकात एक घालत होता. मी जवळ गेले तर म्हणाले, "ताई, भाषन लई भारी तयार केलतं. रातभर पाठ केलं. तुमीच ऐका आता." आणि उभे राहिले, माझ्या एकटीपुढं, घसा साफ करून. "पालकहो! कुस्तीत चाळीस किलोच्या पोराला साठ किलोच्या पोरासमोर उतरवता का? न्हाई! आदी वजन करता. वय बगता. जोड लावता. मंग ही लेकरं काय पाप करून आलीत? एक जूनचं, एक फुडच्या मेचं. एकाचा बाप मास्तर, एकाच्या घरात पुस्तक न्हाई. अन् एकच पेपर, एकच घंटा! अन् हरला त्याला सांगता, तू सात वर्सं हरलेलाच ऱ्हा. ह्यो इन्साफ हाय का? खेळात बी ह्यो इन्साफ न्हाई, मंग शाळंत कसा?" मी टाळ्या वाजवल्या. रिकाम्या मैदानात माझ्या एकटीच्या टाळ्या. शिपायानंही दोन वाजवल्या. सर हसले आणि म्हणाले, "लोक खुळे न्हाईत ताई. आपलं लेकरू घसरताना बघवत न्हाई म्हनूनच दोर धरला त्यांनी. माजं चुकलं, मी दोर लई जवळ ठिवला."

सोमवार उजाडला. हॉलमध्ये सातवीची बाकं लावलेली; त्यावर ही एवढी एवढी मुलं, पाय अधांतरी. गेटबाहेर पालकांची गर्दी, कुणी डोळे मिटून पुटपुटतंय, कुणी नारळ घेऊन आलेलं. पर्यवेक्षणाला सर आणि मी. पुढं स्टुलावर थंड पाण्याचा मोठा जार ठेवलेला. पेपर वाटले गेले. पंख्याच्या आवाजाशिवाय काही नाही. ज्या मुलांच्या गोंगाटानं माझी भिंत हलायची, ती अशी बसलेली बघून मला कसंतरीच झालं.

श्रेया पहिल्या रांगेत होती. पेन्सिल मुठीत, एसटीतली दांडी धरावी तशी. पेपर कोरा. आईनं सांगितलं होतं, पेपर होईपर्यंत जागचं उठायचं नाही, आणि पोरगी उठत नव्हती. मग मला दिसलं. तिच्या बाकाखालून ओल पसरत होती. फरशीला उतार होता. ती ओल हळूहळू शेजारच्या बाकाकडं निघाली. शेजारच्या मुलानं खाली बघितलं. पाय वर घेतला. त्याचं तोंड उघडत होतं. आता हा ओरडणार, सगळा हॉल बघणार, आणि ही पोरगी पुन्हा कधी शाळेत तोंड उघडणार नाही.

तेवढ्यात पुढं धाडकन आवाज झाला. जार आडवा! पाणी भकाभका वाहत पहिल्या रांगेखाली, दुसऱ्या रांगेखाली, सगळीकडं. "या अल्ला! माजा पाय लागला की हो!" सर ओरडत होते, आणि ओरडता ओरडता जार आणखी वाकडा करत होते. हे फक्त मला दिसलं. मग एकानं बाकावरून पाण्यात उडी मारली. पच्च! दुसऱ्यानं मारली. आणि मग काय विचारता! सगळा यूकेजी पाण्यात. चड्ड्या भिजल्या, फ्रॉक भिजले, पेपर तरंगले. कोण आधी भिजलं आणि कोण नंतर, कुणाच्या बापाला कळलं नसतं. सरांनी श्रेयाला अलगद बाकावरून उतरवून त्या घोळक्यात सोडलं आणि हाक दिली, "बूट काडा, मोजे काडा, समदे उन्हात चला!"

आण्णा धावत आले. रागानं लाल. "गफूर, हे मुद्दाम केलंस तू!"

"पाय लागला आण्णा."

"कबड्डीवाल्याचा पाय चुकून लागतो होय?"

"गुडगा गेल्याला हाय," सर म्हणाले. आयुष्यभर पॉइंटसाठी भांडणारा हा माणूस खाली मान घालून उभा राहिला आणि खरं कारण बोलला नाही. मला वाटलं, आपण सांगावं. मी तोंड उघडलं तर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी मिटलं.

आण्णांनी हुकूम दिला, पोरांची अंगं पुसा, दुसऱ्या खोलीत पेपर पुन्हा वाटा. गेटवरून पालक आत घुसले होते. माधवराव पोरीपाशी पोचले. त्यांनी तिच्या फ्रॉककडं बघितलं, तिच्या डोळ्यांत बघितलं, मग सरांकडं बघितलं. बापच तो. काय समजायचं ते त्याला समजलं असावं. आण्णांना ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आण्णा. माजी बसनार न्हाई आता." "अहो, तिला ब मध्ये टाकावं लागेल!" "टाका. खेळू द्या फकस्त." हे सगळ्यांनी ऐकलं. एक आई म्हणाली, आमचीही नको. मग आणखी कुणी. काही जण चिडले, त्यांच्या पोरांची तयारी झाली होती, त्यांचंही काही खोटं नव्हतं. पण एवढ्या गोंधळात पेपर पुन्हा वाटले गेले नाहीत.

पुढचं सांगून टाकते. गुणच नाहीत तर निम्मे वरचे आणि निम्मे खालचे काढणार कुठून? जूनमध्ये दोन्ही तुकड्या मिसळून लावल्या, एक नाव इकडं, एक तिकडं. पुढच्या वर्षीपासून परीक्षेचं नाव आण्णांनी काढलं नाही. दोन-तीन कुटुंबं लातूरला गेली, बाकीची राहिली. श्रेया माझ्या वर्गात आली आणि बुलेटिननं माझं डोकं उठवलं. सरांना मात्र दर वर्षी संस्थेकडून मिळायची ती नोकरीची नवीन ऑर्डर त्या उन्हाळ्यात मिळाली नाही. सध्या ते मुदखेडकडच्या एका शाळेत आहेत. माझं माहेर मुदखेडचंच. भाऊ सांगतो, तिथंही बालवाडीच घेतात आणि रस्त्यापर्यंत आवाज येतो.

पण डोळे मिटले की मला ते दिसतात ते त्या सोमवारच्या मैदानात. ऊन चढलेलं, कुंपणाच्या तारेवर छोटे छोटे मोजे वाळत घातलेले, आणि मुलांनी विषामृत मांडलेलं. ज्याच्यावर राज्य, त्यानं शिवून "विष" म्हणायचं. शिवलेल्यानं तिथंच पुतळा व्हायचं, गड्यानं येऊन "अमृत" म्हणेपर्यंत. राज्य श्रेयावर होतं. ती पळत पळत आली, सरांच्या गुडघ्याला हात लावला, आणि महिनोन्महिने शाळेत शब्द न बोललेली ती पोरगी असं ओरडली की व्हरांड्यात उभे असलेले आम्ही सगळे वळलो.

"विष!"

सर होते तसे थांबले. एक पाय पुढं, एक हात हवेत, मिशीवर घाम. ऑफिसातून शिपाई आला. "सर, आण्णांनी बोलिवलंय. आत्ताच्या आत्ता." सर ओठसुद्धा न हलवता म्हणाले, "विष हाय. अमृत मिळाल्याबिगर येता येत न्हाई म्हनावं." शिपाई गेला, परत आला. मग व्हरांड्यातून आण्णांनी स्वतः हाक मारली, "गफूर!" श्रेया सरांच्याभोवती गोल गोल पळत होती आणि जीव खाऊन ओरडत होती, "हलायचं न्हाई सर! कुनी बोलिवलं तरी हलायचं न्हाई!"

सर हलले नाहीत.